घरासाठी पत्रा की कौल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छप्पर एकदा चढलं की पुन्हा उतरवणं सोपं नसतं, म्हणून हे प्रश्न खरेदीच्या आधीच विचारलेले बरे. इथे पत्रा म्हणजे मुलामा दिलेला वा रंगवलेला लोखंडी पत्रा, नाहीतर अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि कौल म्हणजे मातीचं भाजलेलं कौल. सिमेंटची कौलंही वजनाला आणि बसवायला साधारण मातीच्या कौलांसारखीच, त्यामुळे बहुतेक उत्तरं त्यांनाही लागू पडतील.

सुरुवात कुठून करायची? रंग आणि नमुना तर आम्ही निवडून ठेवलाय.

रंग सध्या बाजूला ठेवा. घराला उतार किती आहे किंवा देता येणार आहे आणि खालचा सांगाडा किती वजन पेलेल, या दोन गोष्टी आधी बघा. बऱ्याच घरांत याच दोन गोष्टी निर्णय करून टाकतात. मी पाहिलेल्या गळक्या छपरांपैकी फार थोड्यांत माल वाईट होता. कमी उतारावर हौसेने कौलं चढवलेली असतात, नाहीतर कौलांच्या वाशांवर पत्रा नुसता ठोकून दिलेला असतो.

वजनात खरंच इतका फरक पडतो का?

पडतो, तोही जवळपास दहापट. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साधारण ४ ते ५ किलो भरतो. मंगलोरी पद्धतीचं एक कौल दोन ते तीन किलोचं असतं आणि चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलं लागतात, म्हणजे ४० किलोच्या आसपास. दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, मिळून १०० चौरस मीटर धरली तर पत्रा अर्ध्या टनाचा आणि कौलं चार टनांच्या आसपास. त्यात माती पाणी पिते. झडीच्या पावसात कौलं भिजून जड होतात, तेव्हा हिशेब भिजलेल्या कौलांचा करा, कोरड्या नव्हे.

वासे, कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), भिंती, पाया सगळ्यांना हे ओझं वाहायचं असतं. भूकंपाचा धोका असलेल्या भागात तर आणखी विचार करावा लागतो, कारण हादऱ्यात घराच्या माथ्यावर जितकं वजन तितका भिंतींना हिसका जास्त बसतो.

आमची जुनी कौलं काढून त्याच सांगाड्यावर पत्रा घालायचाय. वजन कमीच होणार, मग अडचण काय?

वजन कमी होतं, हीच अडचण. इतकी वर्षं चार टन कौलं सांगाड्याला वरून दाबून बसली होती. वासा भिंतीवर नुसता टेकवलेला असला तरी हलत नव्हता. कौलं काढली की तो दाब गेला. वारा छपराला खाली दाबत नाही, वर ओढतो. आता पत्रा वाशाला घट्ट, पण वासाच भिंतीला बांधलेला नाही अशी स्थिती होते आणि वादळात पत्रा वाशांसकट उचलला जातो. म्हणून पत्रा चढवण्याआधी वासा भिंतीला, भिंतीवरची तुळई भिंतीत आणि कैच्या एकमेकींना लोखंडी पट्ट्यांनी किंवा बोल्टने बांधून घ्या.

दुसरी गोष्ट रिपांची, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांची. कौलांच्या रिपा बारीक असतात, त्यांत स्क्रूला पुरेशी पकड मिळत नाही. पत्र्यासाठी आडवे जाड दांडे किंवा लोखंडी पर्लिन नव्याने टाका.

आणि उलट? पत्रा काढून कौलं घालायची असतील तर?

मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पत्र्यासाठी केलेला सांगाडा दहापट वजनासाठी केलेला नसतो. तो एका दिवसात कोसळेल असं नाही. आधी आढं, म्हणजे छपराचा माथा, मध्ये झुकतं, मग पाखं पोटात जातं, तिथे कौलांच्या फटी उघडतात आणि गळती सुरू होते.

उतार किती हवा आणि तो मोजायचा कसा?

पट्टी आडवी धरून एक मीटर आत जा आणि तेवढ्या अंतरात छप्पर किती सेंटिमीटर चढलं ते मोजा. ४७ सेंटिमीटर चढलं तर २५ अंश, ५८ चढलं तर ३०. एकमेकांत अडकणाऱ्या कौलांना साधारण २५ अंश तरी हवेत आणि पाऊस जोराचा असेल तर ३० च्या पुढे गेलेलं चांगलं. नुसतीच एकावर एक ठेवायची साधी कौलं असतील तर त्याहून उभं पाखं लागतं.

पत्रा मात्र बराच सपाट चालतो. १० अंशांवर, म्हणजे मीटरला १८ सेंटिमीटर चढावर, चांगला बसवलेला पत्रा गळत नाही. खोल पन्हळीचे काही पत्रे ५ अंशांपर्यंतही घालतात, पण मग सांधा मोठा ठेवावा लागतो आणि त्यात सील भरावं लागतं. दहाच्या खाली स्वतःहून जाऊ नये, असं माझं मत आहे.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कौलांचं छप्पर पाण्याला अडवत नाही, ते पाण्याला घाईने खाली पाठवतं. प्रत्येक कौलाच्या चारी बाजूंना सांधा असतो आणि पाणी रेंगाळलं की वारा ते सांध्यातून वर ढकलतो. १८४१ साली अल्सासमधल्या गिलार्दोनी बंधूंनी कडेला खाच असलेलं, शेजाऱ्यात अडकणारं कौल आणलं, तेव्हा हेच दुखणं कमी झालं. पत्र्याची गोष्ट वेगळी. १८२९ साली लंडनमध्ये हेन्री रॉबिन्सन पामर यांनी पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं. पन्हळ पडली की तोच पातळ पत्रा ताठ होतो, लांब अंतर पेलतो आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत एकच अखंड तुकडा टाकता येतो. आडवा सांधाच नाही, तर पाणी आत येणार कुठून?

पत्र्याखाली उन्हाळ्यात राहवत नाही असं म्हणतात. खरं का?

उघडा पत्रा आणि त्याखाली थेट खोली असेल तर खरं आहे. पण दोष एकट्या पत्र्याचा नाही, खाली काही न करण्याचा आहे.

चकचकीत उघडा पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जी उष्णता घेतो ती सहजासहजी सोडत नाही, म्हणून हात भाजेल इतका तापतो. पांढरा किंवा फिक्या रंगाचा पत्रा ऊनही परतवतो आणि उष्णताही बाहेर टाकतो. त्यामुळे गडद तांबडा आणि पांढरा पत्रा यांत दुपारी अंगाला जाणवेल एवढा फरक पडतो. कौल जाड असतं, तापायला वेळ घेतं, त्याच्या फटींतून हवा खेळते आणि भिजलेलं कौल वाळताना थंडही होतं. त्यामुळे दुपारी कौलाखाली बरं वाटतं. सूर्य मावळल्यावर मात्र पत्रा अर्ध्या तासात निवतो आणि कौल साठवलेली ऊब रात्री बराच वेळ सोडत राहतं. दिवसभर घर रिकामं असतं की माणसं घरात असतात, याचाही म्हणून विचार करा.

पत्रा घ्यायचाच असेल तर खाली छत करा. पत्रा आणि छत यांच्यामध्ये पोकळी ठेवा, वळचणीला हवा आत यायला आणि आढ्याला बाहेर जायला वाट द्या, छतावर काचलोकर किंवा दगडलोकर (उष्णता आणि आवाज अडवणारी तंतूंची गादी) पसरा. चमकता फॉइल लावणार असाल तर त्याच्या चकचकीत बाजूला निदान अडीच सेंटिमीटर मोकळी हवा लागते. पत्र्याला चिकटून ताणलेला फॉइल फारसं काम करत नाही. ही चूक मी जागोजागी पाहतो. माल चांगला आणलेला असतो आणि पोकळी न ठेवल्यामुळे वाया जातो.

पावसाचा आवाज?

उघड्या पत्र्याखाली मुसळधार पावसात शेजारच्याशी बोलता येत नाही. लोकर आणि छत घातलं की आवाज कौलांच्या घराच्या जवळपास येतो. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर हा खर्च आधीच धरा, नंतर बघू म्हणू नका.

पाऊस नाही, तरी पहाटे पत्र्यातून थेंब पडतात. पत्रा फुटलाय का?

बहुतेक वेळा नाही. एकदा असाच निरोप आला म्हणून मी पहाटे शिडी लावून वर गेलो. वरून पत्रा दवाने ओला, पण एकही भोक नाही. खाली येऊन पत्र्याच्या पोटावरून हात फिरवला तर तळवा ओलाचिंब झाला. स्क्रूजवळ नव्हे, सगळीकडे सारखे बारीक थेंब होते आणि ते उतरणीने सरकत येऊन पर्लिनच्या कडेवरून ठिबकत होते. स्वयंपाकघराची वाफ आणि माणसांचा श्वास रात्रभर वर जातो, रात्री थंड पडलेल्या पत्र्याला लागतो आणि त्याचं पाणी होतं. त्यावर सीलंट फासून उपयोग नाही. हवा खेळती करा, पत्र्याच्या पोटाला लोकर लावा आणि लोकरीच्या खोलीकडच्या बाजूला वाफ अडवणारा थर ठेवा. ओळखायची खूण अशी: गळती एका जागी असते, हा ओलावा सगळीकडे असतो. कौलांत ही तक्रार क्वचितच येते, कारण माती थोडं पाणी पिऊन घेते आणि फटींतून वाफ निघून जाते.

पत्रा विकत घेताना काय विचारायचं?

जाडी विचारा, आणि ती मुलामा व रंग धरून की नुसत्या लोखंडाची, हेही विचारा. दोन्ही पत्र्यांवर ०.५ लिहिलेलं असतं, पण एकात ते नुसतं लोखंड असतं आणि दुसऱ्यात रंग धरून, म्हणजे लोखंड कमी.

मग मुलामा विचारा. जस्ताच्या मुलाम्यात झेड २७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. अॅल्युमिनियम आणि जस्त यांच्या मिश्र मुलाम्यात ५५ टक्के अॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असतं, आणि एझेड १५० म्हणजे त्याचे १५० ग्रॅम. आकडा लहान दिसला तरी हा मिश्र मुलामा मोकळ्या हवेत साध्या जस्तापेक्षा सहसा जास्त टिकतो. मात्र ओलं सिमेंट, चुना आणि गोठ्यातला अमोनिया त्याला सोसत नाही. भिंतीचं प्लास्टर पत्र्यावर सांडलं तर लगेच धुऊन काढा.

माल आल्यावर तो ओल्यात एकावर एक रचून ठेवू नका. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकलं की पांढरा गंज धरतो आणि नवा पत्रा चढवण्याआधीच जुना होतो.

कौल कसं पारखायचं?

एका हाताने कौल कडेला उभं धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने मधोमध टकटक करा. नीट भाजलेलं कौल खणखणीत वाजतं. आवाज बद्द आला तर ते कच्चं आहे किंवा आत कुठेतरी तडा आहे, डोळ्याला दिसला नाही तरी. मग कौल फिरवून मातीत पांढरे बारीक खडे दिसतात का बघा. तो चुना असतो. भाजलेल्या चुन्याला पाणी लागलं की तो फुगतो आणि कौलाचा टवका उडवतो, कधी पहिल्याच पावसात. म्हणून दहा-बारा कौलं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी बघा.

शेवटी चार-पाच कौलं सपाट फरशीवर ठेवून एकमेकांत अडकवा. जी डुगडुगतात ती वाकडी भाजली गेली. अशी कौलं पाखावर एकत्र आली की कितीही निगुतीने लावा, फट राहतेच. हे सगळं भट्टीच्या किंवा दुकानाच्या अंगणात अर्ध्या तासात होतं आणि ते करताना कोणी भिडस्तपणा करू नये.

गरजेपेक्षा शंभरामागे पाच-सात कौलं जास्त घेऊन कोपऱ्यात रचून ठेवा. वीस वर्षांनी तोच साचा मिळेलच असं नाही आणि मिलिमीटरांचा फरक असलेलं कौल जुन्यात बसत नाही.

वादळात काय टिकतं?

जे बांधलेलं असतं ते. वाऱ्याची ओढ पाखाच्या मध्यावर कमी असते. वळचण, कडा, कोपरे आणि आढं इथे ती सगळ्यात जास्त असते. पत्र्याला या पट्ट्यांत स्क्रू दाट घ्या. कौलांच्याही कडेच्या, वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळी खिळ्याने, तारेने किंवा क्लिपने बांधा. बाकीची वजनाने बसतात, पण जिथे वादळं नेहमीची आहेत तिथे सगळीच बांधा.

कौलं गेली तर एकेक जातात आणि दुसऱ्या दिवशी बदलता येतात. पत्रा गेला तर पूर्ण तुकडा उडतो आणि उडणारा पत्रा माणसाला कापू शकतो. गारांचं उलट आहे: पत्र्याला पोचे येतात, कौलं फुटतात. झाडाची फांदी आणि माकडं यांचा त्रासही कौलांनाच जास्त.

समुद्राजवळ पत्रा चालेल का?

खाऱ्या वाऱ्यात पत्रा लवकर गंजतो आणि सुरुवात कापलेल्या कडांपासून, स्क्रूंपासून होते. खुद्द किनाऱ्यावर माझा कौल कौलालाच. माती गंजत नाही, फक्त तिचे खिळे आणि तारा गंजणार नाहीत अशा घ्या. पत्राच घालायचा असेल तर अॅल्युमिनियमचा बघा. तो तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतो. सहा मीटरच्या तुकड्यात ५० अंशांच्या फरकाला अॅल्युमिनियम सुमारे ७ मिलिमीटर सरकतं, लोखंड साडेतीनच्या आसपास. त्याला सरकायला जागा ठेवा. शिवाय तांब्याच्या नळीचं पाणी जस्त किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पडू देऊ नका, त्या ओघळाच्या वाटेने पत्रा खाल्ला जातो.

गळती नेमकी कुठून सुरू होते?

पाखाच्या मध्यातून क्वचितच. दोन पाखी जिथे खोलगट मिळतात ती खोबण, भिंतीला छप्पर टेकतं ती जागा, धुरांडं, पाइप आणि आढं ही तिची ठिकाणं. इथे पत्रा किंवा कौल यांपेक्षा फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली धातूची पट्टी, महत्त्वाचं. भिंतीला फ्लॅशिंग लावताना ते नुसतं सिमेंटने चिकटवू नका. भिंतीत खाच मारून त्यात घुसवा, नाहीतर दोन उन्हाळ्यांत सुटतं.

पत्र्यात दुसरी जागा म्हणजे स्क्रू. स्क्रूच्या डोक्याखालचा रबरी वायसर बघा. तो चकतीच्या कडेला जेमतेम फुगलेला दिसला पाहिजे. चकतीबाहेर पसरून चिरडला असेल तर स्क्रू जास्त आवळलाय, काही वर्षांत तो वायसर तडकेल. सैल फिरत असेल तर पाणी आजच येईल. शिवाय स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा, कारण पाणी खालच्या सखल भागातून वाहतं.

कोणतं जास्त वर्षं टिकतं?

चांगलं भाजलेलं कौल ५० वर्षं सहज जातं, शंभरी ओलांडलेली कौलंही आहेत. पण त्याखालच्या लाकडी रिपा तेवढ्या टिकत नाहीत. पत्रा मुलाम्यावर आणि हवेवर अवलंबून २५ ते ४० वर्षं देतो, त्यात मध्ये एकदा स्क्रू बदलावे लागतात.

कौलांना दरवर्षी पावसाआधी शाकारणी हवी: सरकलेली जागेवर बसवायची, फुटलेली बदलायची, शेवाळ आणि पाचोळा काढायचा. हे काम जाणणारा माणूस तुमच्या आसपास आहे का, हा प्रश्न निवडीच्या आधीच विचारा. नसेल तर पत्र्याकडे झुकणं शहाणपणाचं. पत्र्याला फक्त पाचोळा आणि साचलेली माती काढणं, कडांवर लक्ष ठेवणं पुरतं.

कौलाच्या आकाराचा पत्रा कसा?

पत्राच तो, फक्त कौलासारखा दाबलेला. वजन पत्र्याचं आणि दुरून रूप कौलाचं. सांगाडा हलका असलेल्या घराला चांगला पर्याय आहे. पण उष्णता आणि आवाज पत्र्यासारखेच, त्यामुळे छत आणि लोकर इथेही हवीच.

पत्र्यामुळे वीज पडते का? आणि आगीचं काय?

पत्रा वीज ओढून घेत नाही. वीज पडते ती घराची उंची आणि आजूबाजूची जागा यांमुळे. पडलीच तर धातूला नीट अर्थिंग असणं बरं, ते करून घ्या. आगीत दोन्ही जळत नाहीत, जळतात खालचे वासे.

पुढे सोलर पॅनेल लावायचे आहेत.

उभ्या घडीच्या सांध्याचा पत्रा (शेजारच्या पत्र्यांच्या कडा उभ्या दुमडून एकमेकींत अडकवलेला) असेल तर क्लॅम्प लावून भोक न पाडता पॅनेल बसतात. कौलांत लोखंडी आकडे (हूक) थेट वाशाला लावावे लागतात आणि त्या जागची कौलं कोरावी लागतात, पण नीट केलं तर गळत नाही. पॅनेल २५ वर्षं राहतात. दहा वर्षांत बदलावा लागेल अशा पत्र्यावर ते चढवू नका.

पावसाचं पाणी साठवायचं असेल तर?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. जमिनीवर १०० चौरस मीटर जागा झाकणाऱ्या छपरावर ५० मिलिमीटर पडला की ५,००० लिटर. पत्र्यावरून जवळपास सगळं उतरतं आणि स्वच्छ उतरतं. कौलं सुरुवातीचं थोडं पितात आणि त्यांच्यावर शेवाळ धरतं. दोन्हींत पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या.

जुना सिमेंटचा पत्रा आम्हीच काढून टाकू का?

थांबा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. तो फोडला, कापला किंवा घासला तर उडणारे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्यांचे आजार कित्येक वर्षांनी दिसतात. जाणकार माणसांकडून, ओला करून, अख्खा उतरवून घ्या. मुलांना त्या दिवशी घराजवळ ठेवू नका.

दोन्हींचा खर्च कसा ताडून बघायचा?

नुसता चौरस मीटरचा भाव लावू नका. पत्र्याच्या बाजूला छत, लोकर, फ्लॅशिंग, स्क्रू आणि बांधणीच्या पट्ट्या मांडा. कौलांच्या बाजूला जाड वासे, रिपा, भिंतींची मजबुती, जास्त दिवसांची मजुरी आणि दरवर्षीची शाकारणी मांडा. पाखाचं क्षेत्रफळ घराच्या जमिनीच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त असतं, ३० अंशांना जवळपास १५ टक्के, वर वळचणीचा झोक वेगळा. हे विसरल्यामुळे अर्ध्या कामात माल संपतो.

मिस्त्रीशी आधी काय ठरवून घ्यावं?

पत्रा ग्राइंडरने कापायचा नाही, कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापायचा. ग्राइंडरच्या ठिणग्या मुलामा जाळतात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उमटतात. भोकं पाडल्यावरचा लोखंडी चुरा रोज संध्याकाळी झाडून काढायचा. कौलांच्या रिपांचं अंतर कागदावरच्या मापाने न घेता आलेल्या कौलांवरून मोजून घ्यायचं, कारण भट्टीगणिक कौल थोडं लहान-मोठं होतं. पत्र्यावर चालताना पाय पर्लिनच्या रेषेवर, कौलांवर चालायचंच झालं तर फळी टाकून. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी नळीने आढ्यापासून पाणी सोडायचं, प्रत्येक खोबणीत आणि भिंतीलगत दहा-पंधरा मिनिटं, त्या वेळी एक माणूस खाली टॉर्च घेऊन उभा.